बिशपच्या पेटीत जंगल

टॅमरॅक बे गावातल्या पुरुषांना एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलता येत नाही. ते बोलतात, नाही असं नाही, पण त्यासाठी दोघांनी मिळून तिसऱ्याच कशाकडे तरी बघायला लागतं. होडीत असले तर पाण्याकडे. गाडीत असले तर रस्त्याकडे. शनिवारी सौनाच्या लाकडी खोलीत घाम गाळत बसले तर चुलीवरच्या तापल्या दगडांकडे. आणि लेम्पी रौतिओच्या हजामतीच्या दुकानात बसले, तर बिशपकडे.

बिशप म्हणजे मासा. ताटलीएवढा, काळपट, अंगावर नारिंगी डाग. मोठ्या गंभीरपणे तोंड उघडायचा, तितक्याच गंभीरपणे मिटायचा, आणि त्यातून काही म्हणजे काही बाहेर पडायचं नाही. म्हणून बिशप.

त्या काचपेटीलाही कारण होतं. दुकान मुळात लेम्पीच्या वडिलांचं. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा तिनं वस्तरा उचलला, आणि गावातल्या यच्चयावत पुरुषांना एकदम आठवलं की वाढलेले केसच बरे दिसतात. बाईच्या हाती गळा द्यायचा, वर आरशात तिच्या डोळ्याला डोळा भिडायचा, कोणी सांगितलंय? पहिल्या हिवाळ्यात एकटा रेइनो पेल्टो आला. तेव्हा त्याच्या डोक्यावर गवताच्या गंजीसारखे केस होते. खुर्चीत बसला आणि डोळे गच्च मिटून म्हणाला, "काप. पण बघू नकोस माझ्याकडे."

"न बघता कापू?" लेम्पी म्हणाली. "कान दोन्ही हवेत की एक चालेल?"

त्यानंतर लेम्पीनं डोकं चालवलं. भिंतीपाशी भली मोठी काचपेटी मांडली, पाणी भरलं, त्यात मासा सोडला. पुरुषांना डोळे ठेवायला जागा मिळाली. डोळे ठेवायला जागा मिळाल्यावर जिभाही सुटल्या. पुढे मासे बदलले, वडील गेले, रेइनोची गंजी उडून डोकं घोटीव झालं, तरी पेटीसमोरच्या तीन खुर्च्या रिकाम्या अशा राहिल्या नाहीत. लेम्पीनं लग्न केलं नाही. "घरी एक मुका पुरुष कशाला," ती म्हणायची, "दुकानात ढीग आहेत."

आणि मग नोव्हेंबर आला, हरणांच्या शिकारीचे दिवस आले. त्या दिवसांत गावातले पुरुष दाढ्या वाढवून रानातल्या झोपड्यांत जाऊन राहतात, आणि दुकानाला चिटपाखरू फिरकत नाही. त्या शांततेत एका सकाळी बिशप पाण्यावर आडवा झालेला दिसला. जमीन अजून गोठली नव्हती. लेम्पीनं त्याला सौनामागच्या लायलॅकच्या झुडपाखाली पुरलं, आत येऊन पेटी रिकामी केली, आणि हुंदके देऊन रडली. मग नाक पुसून बहिणीला फोन केला आणि सांगितलं, "यापुढे मासा आणणार नाही. मला परत कोणाला पुरायचं नाही."

शिकार संपली. पुरुष परतले, एकेकाची दाढी म्हणजे कुंचाच. आल्याआल्या तिघं आपापल्या खुर्च्यांत बसले: रेइनो, पीट ट्रेव्हॅरो आणि सुलो हार्यू. समोर कोरडी पेटी. पेटीच्या काचेत तिघांची तोंडं.

पीट हा कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांच्या घरातला, म्हणजे या अबोल गावात त्यातल्या त्यात बोलका. पण त्याचंही घोडं अडलं. "तर," तो म्हणाला. मग छताकडे बघितलं. "तर मग."

"होय ना," रेइनो म्हणाला.

सुलोही हो म्हणाला. पण सुलोचं 'हो' बाहेर येत नसे, आत जात असे. गरम सूप फुरकल्यासारखा श्वास आत ओढायचा, त्यात कुठेतरी 'हं' वाजायचं. झाला संवाद.

पीटनं शाम्पूची बाटली उचलली आणि मोठ्यानं वाचायला घेतली. "डोळ्यांत गेल्यास पाण्यानं धुवा." पुढे काही सुचेना, म्हणून पुन्हा तेच वाचलं. मग तिघंही कामं आठवून उठले. पुढच्या आठवड्यात एकच खुर्ची भरली, त्याच्या पुढच्या आठवड्यात एकही नाही. सुलो एकदा खिडकीतून आत डोकावला, पेटी बघितली, आणि खाली मान घालून चालता झाला. त्याची सून आता त्याचे केस स्वयंपाकघरात कापते, असं कानावर आलं. रविवारी चर्चमध्ये त्याचं डोकं मागून बघितलं तेव्हा लेम्पीला भडभडून आलं. नांगरलेलं शेत परवडलं.

तिला कात्री चालवायला डोकी कमी पडली असती तरी तिनं भागवून घेतलं असतं. पण दुकानात ते बडबडणं नसेल, पीटच्या बाता नसतील, रेइनोची खोचक बोलणी नसतील, तर हिवाळा काढायचा कसा? ख्रिसमसपर्यंत बघायचं, नाहीतर दाराला कुलूप घालायचं, असं तिनं मनाशी धरलं.

"मासा आण," थोरली बहीण एल्मा म्हणाली.

"नाही आणणार."

"मग तूच जाऊन बस पेटीत. मी येऊन दाणे टाकत जाईन."

लेम्पी हसली नाही. तेव्हा एल्मानं वेलदोड्याचा पाव तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "आई बर्फ पडायच्या आधी काय करायची, आठवतंय? काचेच्या वाडग्यात शेवाळं, लाल फळांची वेल, वर झाकणी. आख्खा हिवाळा टेबलावर हिरवं असायचं. तुझी पेटी काय, वाडगाच आहे. जरा सुजलेला."

झालं, दोघी कामाला लागल्या. बिशपचेच खडे धुऊन तळाला पसरले. त्यावर सौनाच्या चुलीतले कोळसे कुटून घातले, म्हणजे पाणी कुजणार नाही. त्यावर जुन्या पडद्याची जाळी, म्हणजे माती खाली झिरपणार नाही. वर एल्माच्या कुंड्यांतली माती, आणि घरामागून आणलेलं शेवाळं. लेम्पीनं शेवाळ्याला कंगवा फिरवून कात्रीनं कडा नीट केल्या. मग दारावर पाटी लावली: या, बघायला काहीतरी आहे.

पीट आला. बघितलं. "हे सॅलड कोणासाठी?"

"याला टेरॅरियम म्हणतात," एल्मानं कोपऱ्यातून सुनावलं.

"असू दे. ड्रेसिंग कुठाय?"

थट्टा का होईना, पण आली, म्हणून लेम्पीचा जीव हलका झाला. पण चार दिवसांत शेवाळं पिवळं पडलं, आठवड्यात त्याची काथ्याची चटई झाली. पेटी हीटरच्या अंगाला होती आणि वर झाकण नव्हतं, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. रेइनोनं पेटीवर वाकून तपासलं. डोक्यावर एकही केस नसलेल्या माणसानं दुसऱ्याच्या वाळण्यावर इतकं मनापासून वाकणं बघण्यासारखं होतं.

"याला कोरडं बाधलंय," तो म्हणाला. "सौना दे."

"सौनाच," पीट म्हणाला. त्याचे आजे-पणजे भले कॉर्नवॉलचे, पण इथल्या पाण्याचा गुण.

आणि सुलो, जो फक्त सुनेनं केलेलं नुकसान दुरुस्त करून घ्यायला आला होता, त्यानं श्वास आत ओढला. "हं."

इथे सर्दीला सौना, कंबरेला सौना, नवऱ्याशी भांडण झालं तर सौना. जुनी म्हणच आहे, सौना, डांबर आणि दारू यांनी जो बरा होत नाही तो मेलाच समजा. तिघं बोलत सुटले. वाफ किती, दगड किती तापलेले, सौनात अंगावर मारतात ती बर्चची डहाळी फिरवावी की नको. रेइनो म्हणे शेवाळ्याला डहाळी मारणं म्हणजे भावाला भावानं मारणं. कितीतरी दिवसांनी दुकानात आवाज झाला. त्या आवाजाच्या आनंदात लेम्पी इतकी विरघळली की तिनं शहाणपणाचा एकही प्रश्न विचारला नाही.

शनिवारी तिनं आणि एल्मानं मिळून पेटी सौनात नेली आणि खालच्या, सगळ्यांत सौम्य बाकावर ठेवली. लेम्पीनं दगडांवर एक पळी पाणी टाकलं. वाफ उसळली. शेवाळ्यावर थेंब जमले, रंगही जरा उजळल्यासारखा वाटला. मग लेम्पी ती लेम्पीच. तिनं दुसरी पळी टाकली. मग पाहुण्याला कमी पडायला नको म्हणून तिसरी.

"कसला वास येतोय?" एल्मा म्हणाली.

दोघींनी हुंगलं. पालकाची भाजी.

"उचल, उचल."

कमरेला टॉवेल, अंगाची वाफ, हातात तापलेली पेटी, अशा त्या दोन वृद्धा दारातून बाहेर धावल्या आणि पेटी धाडकन बर्फात ठेवली. एक बारीक टिंग झालं. पेटीच्या पुढच्या काचेवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला, नदीचा नकाशा काढावा तसा.

लेम्पी पायरीवर बसली. अंगातून धूर निघत होता. "मी जंगल शिजवलं, एल्मा."

"मीठ राहिलं," एल्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लेम्पीनं पेटी मागच्या ओट्यावर नेऊन ठेवली, कचऱ्याची गाडी आली की द्यायची म्हणून. मंगळवारी दुकान उघडलं खरं, पण हात चालेना. वस्तरे पुसून कापडात गुंडाळायला घेतले.

इकडे एल्माच्या पोटात काही राहायचं नाही. ती वाण्याकडे गेली आणि पिठाची पिशवी घेता घेता सगळं सांगून मोकळी झाली. तिनं ते नकला करून सांगितलं, आधी सौनाच्या दारात उभी राहिलेली लेम्पी झाली, मग पळी झाली, मग शेवाळं झाली, आणि शेवटी टिंग. दुपारपर्यंत गावभर झालं: लेम्पीनं जंगल उकडलं. लोक हसून हसून लोळले. फक्त तीन माणसं हसली नाहीत. सल्ला कोणाचा, हे त्यांना ठाऊक होतं.

पहिला आला पीट. हातात काच चिकटवायच्या सिलिकॉनची नळी, काखेत काचेचा एक मोठा तुकडा. "पेटी कुठाय?"

"टाकून द्यायचीय. तडा गेलाय."

"अगं, तडा गेला तर मासा राहणार नाही. जंगल कुठे वाहून जातंय?" तो ओट्यावर गेला, पेटी उचलून आणली, तड्यावर नळी फिरवली. काचेचा तुकडा वर ठेवून बघितला, अगदी बेतानं बसला. "झाकण. तुझ्या आईच्या वाडग्याला होतं म्हणे."

"एल्मा गप्प बसत नाही ना?"

"बसली असती तर आम्ही इथे आलो असतो का?"

मग रेइनो आला. कोट पुढून फुगलेला. त्यातून त्यानं ओलं, गार, गडद हिरवं शेवाळं काढलं, मग सुगंधी पानांची लाल फळांची वेल, मुळांसकट, मग नेच्याचा एक गड्डा. हातभर बर्फ उकरून काढलेलं, नखांत अजून बर्फ होता.

"कुठून आणलंस?" पीटनं विचारलं.

"जंगलातून."

"कुठल्या?"

"झाडं आहेत त्या."

यापुढे विचारायचं नसतं. ज्याची त्याची ब्लूबेरीची जागा, ज्याची त्याची अळंब्यांची जागा, बापानं मुलाला मरताना सांगायची. पीटनं मान डोलावली आणि आपल्या खिशातनं आणखी एक नेचा काढला. तोही जंगलातूनच होता.

शेवटी सुलो. पिठाच्या गोणीत गुंडाळलेला सीडरचा एक कुजका ओंडका, मांजराएवढा, त्यावर शेवाळं, त्याखाली चिकटलेला पालापाचोळा. त्यानं तो लेम्पीसमोर धरला आणि तोंड उघडलं. सगळे थांबले.

"सीडर," सुलो म्हणाला.

त्या दुपारी कोणाचीच हजामत झाली नाही. हीटरपासून लांब, उत्तरेच्या खिडकीशी पेटी मांडली. ओंडका डावीकडे की उजवीकडे, यावर रेइनो आणि पीट असे भांडले की एल्मा खुर्ची घेऊन बघायला बसली. दोघं दमले तेव्हा सुलोनं हात घालून ओंडका बोटभर फिरवला. तिथेच तो राहिला. लेम्पीनं वस्तरे कापडातून काढून परत ओळीनं मांडले. तिला कोणी बघितलं नाही, सगळे पेटीकडे बघत होते.

मग हिवाळा सुरू झाला, खराखुरा, छपरावरचं बर्फ ओढून काढावं लागतं तो. बाहेर सगळं पांढरं, आणि पेटीत सकाळी पाऊस. काचेवर थेंब जमायचे, सरकायचे, खाली गळायचे, शेवाळं पिऊन टाकायचं, पुन्हा तेच. तिघं ते बघत बसायचे आणि बोलायचे. बोलून बोलून पीटनं आपली एक जुनी शिकार चार वेळा सांगितली, आणि दर वेळी हरीण जरा मोठं झालं.

जानेवारीतल्या एका सकाळी पीट खुर्चीत आडवा होता, गळ्यावर फेस, फेसावर लेम्पीचा वस्तरा.

"लेम्पी," सुलो म्हणाला.

लेम्पीचा हात थांबला. सुलोनं आपणहून तिचं नाव घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

"तुझ्या जंगलात कोणीतरी आहे."

"कोण?" पीटनं मान न हलवता, ओठही न हलवता विचारलं. "कोण आहे? अगं, वस्तरा तरी काढ. मला दिसू दे."

ओंडक्याच्या पायथ्याशी, पाल्यातून अर्धवट वर येऊन, अंगठ्याएवढा तपकिरी बेडूक बसला होता. डोळ्यांवर काळी पट्टी, चोरासारखी. गळा हलत होता. ही जात थंडीत पाल्याखाली गोठून दगड होते, श्वास बंद, काळीज बंद, आणि ऊब लागली की जसं काही झालंच नाही तशी उठून बसते. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण ती उठताना कोणी बघितली नव्हती.

"गोठतो, बोलत नाही, हलत नाही," रेइनो म्हणाला, "आणि एक दिवस उठून सगळ्यांना दचकवतो. सुलो, तुझा भाऊ आलाय बघ."

सुलो हसला. दातांसकट. लेम्पीनं पीटच्या अर्ध्या दाढीवर वस्तरा फिरवायचा राहिलाय हे विसरून तिघांना कॉफी दिली, आणि पीट अर्ध्या दाढीनं ती प्यायला.

बेडकाला नाव द्यायचं नाही, हे लेम्पीनं बजावलं. नाव दिलं की जीव जडतो. म्हणून सगळे त्याला 'तो' म्हणायचे, आणि जीव जडायचा तो जडलाच. त्याला जिवंत खाणं लागतं. पण हिवाळाभर बर्फाला भोक पाडून गळ टाकणाऱ्या गावात किड्यांना काय तोटा? आमिषाच्या दुकानातले पांढरे किडे जो तो आणू लागला. बर्फावर मासे कमी लागायला लागले, कारण आमिष इकडे येत होतं. पीटची बायको एकदा दुकानात येऊन म्हणाली, "लेम्पी, आमचा पीट घरी किडे कोटाच्या खिशात ठेवतो. माझे हातमोजे असतात त्याच खिशात." तिला खुर्ची दिली, पेटी दाखवली. ती तासभर बसली आणि जाताना म्हणाली, "उद्या मी आणते. त्याचे बारीक असतात."

मग खाडीतलं बर्फ फुटलं. ढगांच्या गडगडाटासारखे आवाज रात्रंदिवस येऊ लागले, आणि बेडूक काचेला धडका द्यायला लागला. एका दुपारी तो ओरडलाही, बदकासारखा, किर्र-क्वॅक, किर्र-क्वॅक. त्याला काय हवंय हे सगळ्यांना कळलं.

लेम्पीला तो नोव्हेंबर आठवला. तीच पेटी, त्याच खुर्च्या, आणि बघायला कोणी नाही. आणखी दोन आठवडे ठेवला तर? एक आठवडा? तिनं काचेतून त्याच्याकडे बघितलं. त्यानं नाक आपटलं.

"जिथून आणलास तिथेच सोडावा लागेल," ती सुलोला म्हणाली. "कुठून आणला होतास?"

"जंगलातून," सुलो म्हणाला. मग बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. "चल. पण तू एकटीच."

रेइनो आणि पीट दोघंही एकदम मागे झाले. सुलो आपली जागा दाखवतोय, म्हणजे आता हिशोबाबाहेरचं काहीतरी चाललंय.

गाडीत बसल्यावर सुलोनं दुकानातलाच एक टॉवेल पुढे केला. "डोळ्यांवर."

"मी कोणाला सांगणार आहे का?"

"तू नाही. एल्मा."

ते बरोबर होतं. लेम्पीनं टॉवेल बांधला. मांडीवर डबा, डब्यात बेडूक. गाडी वळली, परत वळली, आणि लेम्पीची पक्की खात्री की ती एकाच चौकाला तीनदा प्रदक्षिणा घालून आली. शेवटी थांबली तेव्हा टॉवेल काढायच्या आधीच तिला ऐकू आलं. शेकडो बेडूक. जणू बदकांची सभा भरलीय आणि अध्यक्षांचं कोणी ऐकत नाही. वितळलेल्या बर्फाचं एक डबकं, भोवती सीडर. लेम्पीनं डबा आडवा केला. 'तो' बाहेर आला, एक उडी, दुसरी उडी, पाण्यात. मागे वळून बघितलं नाही. कशाला बघेल, आत लग्नसराई चालली होती.

दोघं डबक्याकडे बघत उभे राहिले. म्हणूनच लेम्पीला विचारता आलं.

"मंगळवारी येशील, सुलो? आता पेटीत कोणी नाही."

सुलोनं श्वास आत ओढला. पण या वेळी तो परत बाहेरही आला, आणि त्याच्याबरोबर शब्द आले. "रेइनोच्या नेच्याला नवा कोंब आलाय. गुंडाळी झालेला. पीट म्हणतो उजवीकडे उलगडेल. मी म्हणतो डावीकडे. आता मी आलो नाही, तर पीट हातानं फिरवून ठेवेल. मी ओळखतो त्याला."

एका दमात इतकं. लेम्पीनं टॉवेल परत बांधला, म्हणजे तिचं तोंड त्याला दिसू नये, आणि टॉवेलखाली ती घरापर्यंत हसत होती.

मंगळवारी ती दुकान उघडायला आली तेव्हा तिघं दारात उभे होते. चौथी पीटची बायको, घरून स्टूल घेऊन. कोंब उलगडायला लागला होता, आणि कोणाच्याच बाजूला नाही, सरळ वर, झाकणाला टेकला होता. यावर निकाल काय, याचा वाद दुपारपर्यंत मिटला नाही. लेम्पीनं झाकण उचललं, कंगव्यानं नेच्याची जुनी, वाळकी पानं वर धरली आणि बारीक कात्रीनं छाटू लागली, नव्याला जागा व्हावी म्हणून. कच, कच, कच.

रेइनो तिच्या हाताकडे बघत होता. मग उठला आणि हजामतीच्या खुर्चीत जाऊन बसला.

"याचं झालं की माझं," तो म्हणाला.

लेम्पीनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, झटकलं, आणि त्या घोटीव डोक्याभोवती हवेत कात्री चालवायला लागली. "किती ठेवू?"

"बाजूनं कमी कर," रेइनो म्हणाला. डोळे त्यानं उघडे ठेवले होते. "वर असू दे."